भिंतीला टेकलेलं टेबल: मुंबई ते कुवेत

(सुरुवातीचं संगीत)

सालमिया, अब्बासिया, फरवानिया, फहाहील, मंगफ, जिथे कुठे असाल तिथल्या सगळ्या श्रोत्यांचं मनापासून स्वागत. आणि कुवेत सोडून पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात परत गेलेली, पण अजून आवर्जून आपला कार्यक्रम ऐकणारी मंडळी, तुम्हालाही नमस्कार.

आजचा विषय एका श्रोत्या ताईंनी दिला आहे. त्यांचा आवाजी निरोप आला होता. त्या म्हणाल्या, "दादा, सूक अल्-जुमामध्ये, म्हणजे आपल्या फ्रायडे मार्केटमध्ये, एक जुनं टेबल पाहिलंय. अरुंद आहे, मागची बाजू एकदम सपाट, पुढे दोनच पाय, त्यावर वेलबुट्टीचं कोरीवकाम. विकणारा म्हणतो, 'बॉम्बे, बॉम्बे, ओल्ड.' मला ते दाराजवळ ठेवायला हवंय. पण आमचे हे म्हणतात, दोन वर्षांत परत जायचंय, कशाला पसारा वाढवायचा? तुम्ही सांगा, घेऊ का?" आणि मग हसून त्या म्हणाल्या, "हे दोन वर्षांचं मी गेली सतरा वर्षं ऐकतेय."

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. आधी त्या टेबलाची गोष्ट ऐकू या. कारण विकणारा म्हणतो ते खरं असो वा नसो, मुंबईचं लाकूडकाम आणि कुवेतचं घर यांचं नातं मात्र अगदी खरं आहे. आणि ते आपल्यापैकी कुणाच्याही इकाम्यापेक्षा जुनं आहे.

(संगीत)

या टेबलाला कॉन्सोल टेबल म्हणतात. हल्ली कॉन्सोल म्हटलं की मुलांना व्हिडिओ गेम आठवतो. पण मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ आहे भिंतीतून बाहेर आलेला आधार. आपल्याकडे जुन्या इमारतीत सज्जाखाली लाकडी किंवा दगडी घोडे असतात ना, तसा. सतराव्या शतकाच्या शेवटी आणि अठराव्या शतकात फ्रान्समधल्या महालांमध्ये अशा आधारांवर संगमरवरी फळी बसवून टेबलं करू लागले. मागची बाजू भिंतीलाच जोडलेली, म्हणून पाय फक्त पुढे. भिंतीपासून सोडवलं तर ते टेबल उभंसुद्धा राहत नसे.

ते ठेवायचे दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर आणि त्याच्यावर मोठा आरसा लावायचे. यात नुसती हौस नव्हती. विजेचे दिवे नव्हते. टेबलावर मेणबत्त्या लावल्या की मागच्या आरशात त्यांचा उजेड दुप्पट व्हायचा. म्हणजे कॉन्सोल टेबल हा सजावटीचा नमुना होण्याआधी दिवा ठेवायची जागा होता.

व्हर्सायच्या राजवाड्यातला आरसेमहाल १६८४ मध्ये पूर्ण झाला. चौदाव्या लुईनं तिथे चक्क भरीव चांदीची टेबलं मांडली होती. पाच वर्षांनी, १६८९ मध्ये, लढाईचा खर्च भागवायला ती सगळी वितळवून टाकावी लागली. चांदीची टेबलं गेली आणि लाकडाची परंपरा टिकली, याची मला फार गंमत वाटते.

आता आपल्याकडे या. आपल्या वाड्यांमध्ये असलं काही होतं का? नव्हतं, कारण गरजच नव्हती. भिंती हात-दीड हात जाड असायच्या. दिवा ठेवायला भिंतीतच दिवळी, तांब्या-भांडं नि पोथी ठेवायला कोनाडा, डबे-बरण्यांना फडताळ, पगडी आणि उपरणं टांगायला खुंटी. बसायला बैठक, टेकायला लोड. पुण्याचा विश्रामबागवाडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावानं बांधलेला. त्यात सागवानी खांबांचं काय देखणं काम आहे! पण लाकडावरची कला तिथे खांबात, कमानीत, तुळईत दिसते, सुट्या सामानात फारशी नाही. भिंतच कपाट होती आणि भिंतच टेबल होती.

आणि गंमत म्हणजे जुन्या कुवेतमध्येही थेट तसंच होतं.

तेल यायच्या आधीची कुवेतची घरं समुद्रातल्या दगडाची आणि मातीची. भिंती जाड, आत मोकळा चौक, चौकाभोवती खोल्या. म्हणजे आपल्या वाड्याचा हा वाळवंटातला भाऊच. छताला पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या खारफुटीच्या झाडांचे वासे घालायचे. हे वासे जेवढे लांब, तेवढीच खोलीची रुंदी. साधारण तीन-साडेतीन मीटर. त्यामुळे खोल्या अरुंद आणि लांबट. अशा खोलीत मधे सामान मांडून चालतच नाही. माणसं भिंतीला पाठ लावून रांगेनं बसणार. दिवाणियामध्ये आजही पाहा, बैठक भिंतीकडेनंच असते. आणि सामान? त्यासाठी भिंतीत कोनाडे. त्याला इथे रोझना म्हणतात, अनेक असले की रवाझिन. दिवा, कुराण, अत्तराच्या बाटल्या, चिनी मातीच्या बशा त्यात ठेवायच्या. आपल्या आजीला त्या खोलीत नेलं असतं तर तिला काहीच परकं वाटलं नसतं.

पण कुवेती घरात भिंतीला टेकून एक सुटी वस्तू मात्र हमखास असायची. तिला म्हणतात संदूक मुबय्यत. नवरीची पेटी. गडद रंगाचं सागवान किंवा शिसव, त्यावर पितळी खिळ्यांची नक्षी, पितळी पत्र्यांचे कातीव तुकडे, खाली दोन-तीन कप्पे. लग्नात नवरीचे कपडे, दागिने, अत्तरं यातून यायची आणि मग ही पेटी जन्मभर तिच्या खोलीत भिंतीपाशी राहायची. जुन्या वस्तूंच्या जगभरच्या बाजारात आज अशा पेट्यांना 'कुवेती चेस्ट' म्हणतात.

आणि त्या बनायच्या कुठे? मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे. मुंबई, सुरत आणि मलबार. म्हणजे नाव कुवेतचं, पण लाकूड पश्चिम घाटातलं आणि हात आपल्या किनाऱ्यावरच्या सुतारांचे. उलट शब्द पाहा. आपण मराठीत 'संदूक' म्हणतो तो शब्द अरबी. वस्तू आपल्याकडून इकडे आली आणि शब्द इकडून तिकडे गेला.

(संगीत)

हे जाणं-येणं कसं व्हायचं, ते थोडं पाहू.

कुवेतची बूम जातीची मोठी गलबतं पावसाळा सरला की बसऱ्याकडे खजूर भरायची आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागायची. कराची, मुंबई, मंगळूर, कालिकत. परत येताना तांदूळ, चहा, मसाले, कापड, दोरखंड आणि लाकूड. हे लाकूड नुसतं घरासाठी नव्हे. ती गलबतंसुद्धा मलबारच्या सागाचीच बांधलेली असायची. सागाला अरबीत म्हणतात साज. आपला साग आणि त्यांचा साज हे एकाच घराण्यातले शब्द आहेत.

कुवेतचे मोती विकले जायचे तेही मुंबईत. बऱ्याच कुवेती व्यापारी घराण्यांच्या मुंबईत पेढ्या होत्या, त्यांची मुलं तिथे राहायची, काही तिथेच शिकली. इथे चलन होतं आपला रुपया. १९२३ पासून इथली पोस्टाची तिकिटंसुद्धा हिंदुस्थानचीच, वर 'कुवेत' असं छापलेली. १९५९ मध्ये आखातासाठी वेगळा रुपया काढला आणि १९६१ मध्ये कुवेती दिनार आला, तेव्हा हिशेब ठरला: तेरा रुपये तेहतीस पैशांना एक दिनार. आजचा भाव आठवू नका, उगाच जीव खालीवर होतो!

या येण्याजाण्यातून घरातल्या वस्तूंची नावंही वाटून घेतली गेली. इथल्या जुन्या माणसाला विचारा, टेबलाला काय म्हणता? तो 'ताविला' हा प्रमाण अरबी शब्द सांगेल, पण घरात त्याची आजी म्हणायची 'मेझ'. आपलीही आजी 'मेज'च म्हणायची. शब्द फारसी, वापर दोघांचा. पंख्याला इथे 'बंका', तिजोरीला 'तिजूरी', कपड्यांच्या कपाटाला 'कबत'.

तर या मुंबईत एकोणिसाव्या शतकात एक वेगळंच फर्निचर तयार होत होतं. काळ्या शिसवीचं. इंग्रज त्याला बॉम्बे ब्लॅकवूड म्हणत. युरोपियन पद्धतीच्या खुर्च्या, सोफे, गोल मेजं, भिंतीकडेची टेबलं, पण त्यावर कोरीवकाम आपल्या कारागिरांचं. वेली, पानं, फुलं, पक्षी. एक बोटभर जागा मोकळी नाही. साहेबाच्या चित्रात जी नक्षी विरळ असायची ती आपला सुतार भरगच्च करून टाकायचा. फोर्टातली मेडोज स्ट्रीट, म्हणजे आजचा नगीनदास मास्टर रोड, या दुकानांसाठी ओळखली जायची. १८५१ मध्ये लंडनला जे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, त्यात मुंबईचं कोरीव शिसवी सामानही मांडलं होतं. पारशी, गुजराती, मराठी शेट लोकांच्या बंगल्यांत हे सामान गेलं. गोव्यात तर त्याही आधीपासून मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत शिसवी खुर्च्या, आरसे आणि भिंतीकडेची टेबलं होती. चांदरचं ब्रागांझा यांचं घर पाहिलं की त्या थाटाची कल्पना येते.

शब्दांचा प्रवास इथेही गमतीचा आहे. आपल्या हिंदुस्थानी 'तीन' आणि फारसी 'पाय' यांतून तीन पायांच्या छोट्या टेबलाला नाव पडलं, ते इंग्रजांनी उचललं, त्यांना त्यात 'टी' म्हणजे चहा ऐकू आला आणि त्यावर चहा ठेवू लागले. मग तोच शब्द साहेबी होऊन आपल्याकडे परत आला. टीपॉय! आपली साधी तिवई परदेश हिंडून सूट-बूट घालून आली.

(संगीत)

मग वाड्यातले कोनाडे आणि रवाझिन गेले कुठे?

कुवेतचं तेल १९३८ मध्ये बुरगानला सापडलं, पहिली बोट भरून गेली १९४६ मध्ये. पैसा आला तसं शहर बदलायला लागलं. १९५१ मध्ये नव्या शहराचा आराखडा तयार झाला. १९२० मध्ये गावाभोवती बांधलेली तटबंदी १९५७ मध्ये पाडली, फक्त वेशी ठेवल्या. त्या आजही रस्त्यांच्या मधे उभ्या दिसतात. जुन्या वस्तीतल्या कुटुंबांना सरकारनं भरपूर मोबदला देऊन घरं घेतली आणि लोक नव्या उपनगरांतल्या व्हिलांमध्ये राहायला गेले. मातीची घरं जवळजवळ सगळी गेली. गल्फ रोडवरचं सदू हाउस, डिक्सन हाउस अशी थोडीच जुनी घरं उरली आहेत. हवल्लीच्या बैत अल्-उस्मान संग्रहालयात जुन्या घरातल्या वस्तू पाहायला मिळतात. मुलांना एकदा जरूर न्या.

नवी भिंत सिमेंटच्या ठोकळ्यांची. तिला खोली नाही, त्यामुळे कोनाडा नाही. जी वस्तू भिंतीच्या पोटात राहायची ती आता भिंतीच्या बाहेर आली. तिला ठेवायला काहीतरी हवं, पण येण्याजाण्याच्या वाटेत अडचण नको. म्हणून अरुंद टेबल. एका अर्थानं कॉन्सोल टेबल म्हणजे भिंतीतून बाहेर पडलेला कोनाडाच आहे.

बहुतेक त्याच काळात मुंबई-पुण्यात आपणही वाडे आणि चाळी सोडून ब्लॉकमध्ये गेलो. आठवतंय का, त्या ब्लॉकच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून एक टेबल असायचं? त्यावर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर रेडिओ. मर्फीचा असो नाहीतर फिलिप्सचा, त्याला मानाचं स्थान. नंतर तिथे टेलिफोन आला, मग टीव्ही. आम्ही त्याला कॉन्सोल वगैरे काही म्हणत नव्हतो, 'रेडिओचं टेबल' म्हणायचो. रेडिओ गेल्यावरही कितीतरी वर्षं तेच नाव राहिलं. कुवेत रेडिओ १९५१ च्या मे महिन्यात सुरू झाला, तेव्हा इथल्या घरांतही रेडिओला अशीच एखादी जागा मिळाली असणार. आपण रेडिओवर बोलतोय, तर त्या टेबलाचे आभार मानायलाच हवेत.

आणि संदूक मुबय्यत? ती फेकली गेली नाही. आज पुष्कळ कुवेती घरांमध्ये ती पेटी आतल्या खोलीतून उठून दिंडीदरवाजाजवळ आली आहे. वर दल्ला, ऊद जाळायचा मब्खर, कुटुंबाचा एखादा जुना फोटो. कॉन्सोल टेबलाचं काम ती करते. पाहुणा आत आला की आधी तिच्यावर नजर जाते.

(संगीत)

आता थोडं आपल्याबद्दल.

आपल्या घरांत दाराजवळ काय असतं? प्लास्टिकची चपलांची मांडणी. वर किल्ल्या, सिव्हिल आयडी, विजेचा कागद, कोपऱ्यात कार्गोचा रिकामा खोका, 'लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेला. मी कुणाला नावं ठेवत नाही, माझ्या घरी बारा वर्षं हेच होतं. यामागे एक कारण आहे आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

२ ऑगस्ट १९९०. त्या दिवसानंतर दीड लाखाहून जास्त भारतीयांना इथून निघावं लागलं. बसनं बगदादमार्गे अम्मान, तिथल्या तंबूंत मुक्काम आणि मग एअर इंडियाच्या विमानांनी मुंबई. हातात एक बॅग. घरातलं सगळं जिथल्या तिथे राहिलं. त्या पिढीतल्या एका काकूंनी मला सांगितलं होतं, "भांडी, फ्रीज, टीव्ही यांचं काही नाही रे. पण दाराशी माझं एक छोटं टेबल होतं, त्यावर रोज संध्याकाळी दिवा लावायचे. निघताना त्यावर किल्ली ठेवली आणि दार ओढून घेतलं." त्या परत आल्या, पुढे वीस वर्षं इथे राहिल्या, पण पुन्हा कधी लाकडाची वस्तू घेतली नाही.

त्यांचं पाहून आम्ही शिकलो, आमचं पाहून नवे आलेले शिकले. 'इथलं काय, सगळं तात्पुरतं.' आणि त्या तात्पुरत्या घरात मुलं जन्मली, बारावी झाली, निघूनही गेली. त्यांच्या आठवणीतलं घर म्हणजे हेच घर.

म्हणून मला ही सगळी गोष्ट सांगावीशी वाटली. आपण समजतो की आपण इथे पाहुणे, आपलं इथे काही नाही. पण या देशाच्या जुन्या घरातली सर्वांत जिव्हाळ्याची वस्तू, नवरीची पेटी, आपल्या किनाऱ्यावरच्या सुतारांनी घडवलेली आहे. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्यातले बहुतेक कधी गलबतात बसलेही नसतील. पण त्यांचं काम इथे शंभर-दीडशे वर्षं दाराशी उभं आहे. इथे आपण किती दिवस राहणार हे आपल्या हातात नाही. राहू तेवढे दिवस घरासारखे राहायचे की स्टेशनसारखे, एवढं नक्की हातात आहे.

(संगीत)

तर ताई, आता तुमचा प्रश्न. घ्यायचं ठरवलंत तर थोडं पारखून घ्या.

टेबल उलटं करून खालून बघा. जुन्या सामानाची खालची बाजू क्वचितच पॉलिश केलेली असते. तिथे कोरडं, काळवंडलेलं लाकूड दिसायला हवं. खालूनही चकचकीत असेल तर शंका घ्या. एक बाजू उचलून पाहा, शिसव चांगलंच जड असतं. कोरीवकामावरून बोट फिरवा. हातानं कोरलेली दोन फुलं कधीच तंतोतंत सारखी नसतात. खण असला तर बाहेर काढून कोपऱ्याचे सांधे पाहा. हातानं कापलेल्या सांध्यांचे दाते थोडे लहानमोठे असतात. कडेला पातळ पापुद्रा उचललेला दिसला तर आत साधी फळी आणि वर चिकटवलेला पत्ता आहे, हे ओळखा. आणि 'बॉम्बे, ओल्ड' या दोन शब्दांचे वेगळे पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर एसीच्या थेट झोताखाली ठेवू नका. बाहेरची कोरडी उष्णता आणि आतला गारवा यात लाकूड तडकतं. धुळीचं वादळ झालं की आधी मऊ ब्रशनं वाळू झटका, मग कोरडं फडकं. लगेच फडकं फिरवलंत तर वाळूचे ओरखडे उठतील. वर्षातून एक-दोनदा मेणाचं पॉलिश पुरे.

परत नेण्याचं म्हणाल, तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. शिसव आणि त्याच्या सगळ्या भाईबंद झाडांच्या आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर २०१७ पासून साइट्स कराराचं नियंत्रण आहे. तयार वस्तूंना एका खेपेत दहा किलोपर्यंत सूट आहे, पण टेबल त्याहून जड भरणार. तेव्हा कार्गोवाल्याला कागदपत्रांचं आधी विचारा. आणि उलट दिशेनं, भारतातून शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू बाहेर आणायला १९७२ च्या कायद्यानं मनाई आहे. आजोळचं जुनं सामान इकडे आणायचा बेत असेल तर तेही लक्षात ठेवा.

आणि उत्तर? माझं उत्तर आहे, घ्या. दोन वर्षांनी निघालात तर एखाद्या नव्या कुटुंबाला देऊन जा. यंदा गणपती येतील तेव्हा आरतीचं तबक ठेवायला दाराशी जागा असेल. आणि भाऊजींना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, ऑफिसमधून आल्यावर किल्ली ठेवायची जागा झाली आहे.

तुमच्या घरात अशी एखादी जुनी वस्तू असेल, तिकडून आणलेली किंवा इथे सापडलेली, तर तिची गोष्ट आम्हाला आवाजी निरोपानं जरूर कळवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकू. तोवर काळजी घ्या, पाणी भरपूर प्या.

नमस्कार!

(शेवटचं संगीत)